वीतभर फियाट

दोस्तांनो, या रविवारी एक काम करा. गावातल्या गॅरेजच्या मागं, एखाद्या जुन्या वाड्याच्या दारात, लिंबाच्या झाडाखाली जरा डोकावून पाहा. परभणी असो, सेलू असो, जिंतूर नाहीतर गंगाखेड, कुठं तरी एखादी जुनी फियाट उभी दिसायची शक्यता आहे. टायरमधली हवा गेलेली, बॉनेटवर मांजर झोपलेलं आणि काचेवरच्या धुळीत कुणी तरी बोटानं स्वतःचं नाव लिहिलेलं. सापडली? मग तिला तिथून हलवू नका. आपण तिला लहान करून घरी आणणार आहोत. अगदी वीतभर! आणि नुसती लहान करून थांबायचं नाही. तिला परभणीच्या उन्हासाठी, परभणीच्या चिखलासाठी आपल्या मनाप्रमाणं बदलायचंही आहे.

पण आधी ही बाई कोण, ते तर माहीत हवं!

वालचंद हिराचंद हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सोलापूरचे उद्योगपती. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. इटलीतल्या फियाट कंपनीशी करार करून तिथं फियाट गाड्या बनू लागल्या. पन्नाशीच्या दशकातली फियाट गोलमटोल होती. मागून पाहिलं की तिची ती गुबगुबीत पाठ नजरेत भरायची, म्हणून लोकांनी तिचं नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. १९६४ मध्ये जरा चौकोनी अंगाची, मागं छोटे छोटे पंख असलेली 'फियाट ११०० डिलाइट' आली. पुढं १९७० च्या दशकात तिचंच नाव आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झालं. नावं बदलली, लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. तुम्हाला दिसलेली गाडी बहुतेक हीच असेल.

गाडी मोठी नव्हती. इंजिन १०८९ सीसीचं. गियरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगच्या मानेला. पुढचं सीट बाकासारखं सलग, म्हणून ड्रायव्हरशेजारी दोघं आणि मांडीवर एक पोरगं, असा सगळा संसार बसायचा. एकविसावं शतक लागताना तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती आणखी बरीच वर्षं धावली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांचीच मुदत असते. म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

आता लक्षात आलं ना, मी घाई का करतोय ते? तुमच्या गावातली ती लिंबाखालची गाडी आज आहे. उद्या भंगारवाला येईल, वजनावर घेऊन जाईल. मग माप कुणाचं घेणार?

माप घ्यायला जाताना

एक वही, शिंप्याचा टेप, पेन्सिल, मऊ बाइंडिंगची तार आणि थोडी जुनी वर्तमानपत्रं बरोबर घ्या. जोडीला एक मित्र नाहीतर मैत्रीण असू द्या, कारण टेपचं दुसरं टोक धरायला कुणी तरी लागतंच. आणि मालकाला विचारल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, बरं का!

"चाचा, या गाडीचं जरा माप घेऊ का?"

"माप? गाडीला कपडे शिवायलास का काय?"

"नाही हो चाचा, मॉडेल करायचंय. छोटी गाडी."

"मग घे की! पण दार हळू उघड, त्याचा कब्जा गेलाय."

एवढं बोलणं झालं की पुढं चहासुद्धा मिळतो. मिस्त्री लोकांना त्यांच्या कामाबद्दल कुणी विचारलं की फार बरं वाटतं. त्यांना एक प्रश्न आवर्जून विचारा: "हिच्यातलं कंपनीचं काय आहे आणि मागून बसवलेलं काय?" कारण इतकी वर्षं चाललेली गाडी कारखान्यातून निघाली तशी कधीच नसते. बंपर दुसऱ्या गाडीचा, आरसा तिसऱ्याच गाडीचा, सीटचं कापड मोंढ्यातून आणलेलं. ही सगळी उत्तरं वहीत लिहून घ्या.

आता मापं. पद्मिनीची लांबी बंपरसकट सुमारे ३ मीटर ९३ सेंटिमीटर, रुंदी १ मीटर ४६ आणि उंची जवळपास १ मीटर ४७. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर २ मीटर ३४. हे आकडे मी दिले म्हणून तसेच उतरवू नका. टेप लावा आणि ताडून पाहा. एक गंमत दिसली का? रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी! म्हणजे फियाट समोरून पाहिली की चौकोनात बसते. आजच्या गाड्या रुंद आणि पसरट असतात. फियाट मात्र शाळेतल्या बाकावर ताठ बसलेल्या मुलासारखी दिसते, त्याचं कारण हे.

सरळ रेषा टेपनं मोजता येतात. पण बॉनेटचा तो उतार? काचेचा बाक? तिथं तार कामाला येते. मऊ तार बॉनेटवर अलगद दाबत न्या, ती तोच आकार घेईल. मग तशीच उचलून वर्तमानपत्रावर ठेवा आणि कडेनं पेन्सिल फिरवा. गाडीची एक रेघ तुमच्या कागदावर आली! गाडीवर ओरखडा उठणार नाही याची काळजी घ्या म्हणजे झालं.

मोबाइलनं फोटो काढणार असाल तर एक धोका आहे. जवळ उभं राहून काढलेल्या फोटोत गाडीचं जवळचं टोक मोठं आणि लांबचं लहान दिसतं. त्यावरून मॉडेल केलं तर ते वाकडंच होणार. म्हणून पंधरा-वीस पावलं मागं जा, गाडीच्या बरोबर मधोमध समोर उभे राहा आणि मग झूम करा.

वीस हा आपला आकडा

जगभरातले मॉडेलवाले १:१८, १:२४, १:४३ अशी प्रमाणं वापरतात. आपण १:२० घेऊ. का? हिशेब सोपा! खऱ्या गाडीतले २० सेंटिमीटर म्हणजे आपले १ सेंटिमीटर. खरा १ मीटर म्हणजे आपले ५ सेंटिमीटर. करा भागाकार. लांबी आली १९ सेंटिमीटर साडेसहा मिलिमीटर, रुंदी ७३ मिलिमीटर, चाकांमधलं अंतर ११७ मिलिमीटर. करंगळीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत हात ताणा. झाली की नाही वीतभर?

तारेनं काढलेल्या वळणांसाठी वर्तमानपत्रावर २०-२० सेंटिमीटरचे चौकोन आखा आणि वहीत १-१ सेंटिमीटरचे. मोठ्या चौकोनात रेघ जिथून जाते, छोट्या चौकोनातही तिथूनच न्यायची. भूगोलाच्या वहीत नकाशा काढताना हेच करता ना?

पण या विसाच्या आकड्यात एक खोडी आहे. लांबी वीसपट कमी होते, हे ठीक. वजनाचं काय? खरी गाडी सुमारे ८९५ किलोची. वीसनं भागलं तर जवळजवळ ४५ किलो! वीतभर गाडी ४५ किलोची कशी असेल? अहो, गाडी लांबीत वीसपट, रुंदीत वीसपट आणि उंचीतही वीसपट लहान झाली. म्हणून वजनाला २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८००० नं भागायचं. उत्तर येतं साधारण ११२ ग्रॅम. तुमचं मॉडेल पूर्ण झालं की किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा.

जाडीचंही तसंच. खऱ्या फियाटचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षा पातळ. आपण बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा वापरतो, तो साधारण एक मिलिमीटर. विसानं गुणा बरं. दोन सेंटिमीटर जाड पत्र्याची गाडी झाली! रणगाडाच म्हणा. म्हणून पुठ्ठ्याची कड जिथं जिथं उघडी दिसते, खिडकीत, चाकावरच्या कमानीत, तिथं ती आतल्या बाजूनं पॉलिश पेपरनं घासून धारदार करायची. बाहेरून बघणाऱ्याला फक्त ती पातळ कड दिसते आणि त्याला वाटतं, सगळा पत्राच पातळ आहे. मॉडेल खेळण्यासारखं दिसतं की गाडीसारखं, ते बरंचसं या कडांवर ठरतं. बाकी कुठं कंटाळा केलात तरी चालेल, इथं करू नका.

सांगाडा आणि कातडी

दोन्ही बाजूंचे आकार पुठ्ठ्यातून कापा. ब्लेड किंवा कटर वापरताना घरातलं मोठं कुणी शेजारी असू द्या, आणि कापताना पट्टीवरची बोटं धारेच्या रेषेत नकोत. दोन बाजूंच्या मध्ये आडवे पुठ्ठे बसवा: पुढं एक, काचेच्या पायथ्याशी एक, सीटच्या मागं एक, शेवटी एक. हा झाला सांगाडा. लक्षात ठेवा, फियाटच्या बाजू भिंतीसारख्या सरळ उभ्या नाहीत. कंबरेपासून वर काचा थोड्या आत झुकतात आणि छप्पर खालच्या अंगापेक्षा अरुंद असतं. हा झुकाव विसरलात तर गाडीऐवजी पाव तयार होईल.

वरच्या कातडीसाठी जुन्या लग्नपत्रिका. प्रत्येक घरात गठ्ठा असतोच! पत्रिकेचा कागद जाड, गुळगुळीत आणि लवचिक असतो. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा, जरा ओलसर करा, पेन्सिलीवर गुंडाळून बाक द्या आणि फेव्हिकॉलनं सांगाड्यावर चिकटवत जा. एकावर एक, आडव्या-उभ्या, तीन थर. फटी राहतील तिथं कागदाचा लगदा आणि फेव्हिकॉल कालवून भरा. मग वाळू द्या. परभणीचा उन्हाळा असेल तर दुपारीच वाळेल, पावसाळा असेल तर दोन दिवस गप्प बसा. ओलं असताना घासायला गेलात तर सगळं पिठल्यासारखं हाताला येईल.

वाळल्यावर सुतारकामातलं सीलर एक हात मारा आणि मग बारीक पॉलिश पेपरनं घासा. परत एक हात, परत घासा. सीलरला वास असतो, म्हणून हे काम अंगणात आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली करायचं.

चाकं? खरं चाक टायरसकट साधारण ६० सेंटिमीटरचं, म्हणजे आपलं ३ सेंटिमीटरचं. तुटलेल्या स्लीपरच्या रबरातून गोल कापा. मधोमध चकचकीत ड्रॉइंग पिन लावली की झालं व्हीलकॅप. आसाला सायकलचा आरा आणि तो फिरायला ज्यूसच्या पाकिटाची स्ट्रॉ. हेडलाइट खरा साधारण १८ सेंटिमीटरचा, म्हणजे आपला ९ मिलिमीटरचा. औषधाच्या गोळ्यांच्या पारदर्शक पाकिटातला एक फुगा कापून घ्या, मागं चॉकलेटची चांदी लावा. बघा चमकतो की नाही! बंपर आणि बाजूच्या पट्टीलाही तीच चांदी. कापसानं घासून घासून बसवा.

दाराची फट मात्र कापू नका. खरी फट करंगळीच्या नखाइतकीसुद्धा नसते. विसानं भागल्यावर ती केसासारखी उरते. टोकदार पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली की पुरे. काळ्या शाईनं नको, ती फार ठळक दिसते.

सावलीची परीक्षा

रंग देण्याच्या आधी ही परीक्षा घ्या. लाइट गेलेली असेल तर फारच उत्तम. मेणबत्ती नाहीतर टॉर्च लावा, मॉडेल आडवं धरा आणि भिंतीवर त्याची सावली पाडा. आता आजी-आजोबांना, शेजारच्या काकूंना बोलवा. काही सांगू नका. फक्त विचारा, "ही कोणती गाडी?" त्यांनी पटकन 'फियाट' म्हटलं तर तुम्ही पास. "मोटार आहे कसली तरी," असं म्हटलं तर वही उघडून कुठं चुकलं ते शोधा. बहुतेक वेळा चूक तीन ठिकाणी असते: छप्पर फार चपटं झालेलं असतं, मागचे छोटे पंख विसरलेले असतात, नाहीतर पुढची काच जास्त झोपलेली असते.

ही परीक्षा मी इतकी महत्त्वाची का मानतो, ते पुढं कळेल. कारण आता आपण गाडी बदलायला घेणार आहोत.

गाड्यांची मॉडेलं मनासारखी बदलण्याचं वेड अमेरिकेत फार. १९५८ मध्ये एएमटी नावाच्या कंपनीनं असे खोके विकायला काढले की एकाच खोक्यातून तीन प्रकारे गाडी जोडता येईल: कंपनीची होती तशी, शर्यतीची, नाहीतर आपल्या मनासारखी बदललेली. पोरं त्यावर तुटून पडली. त्याच्याही आधीपासून, १९३० ते १९६८ पर्यंत, तिथं 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' नावाची स्पर्धा चालायची. जनरल मोटर्स या मोठ्या मोटार कंपनीची. सुरुवातीला मुलांनी नेपोलियनच्या काळातली घोड्याची बग्गी हुबेहूब छोटी करायची होती. मग १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेतल्या मोटारीचं, १:१२ प्रमाणातलं मॉडेलही करता येऊ लागलं. जिंकणाऱ्याला कॉलेजच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती! १९४७ मध्ये चक जॉर्डन नावाच्या मुलानं ती जिंकली. पुढं तोच जनरल मोटर्सच्या सगळ्या गाड्यांच्या डिझाइनचा प्रमुख झाला. एक गोष्ट मात्र खटकते. ही स्पर्धा फक्त मुलांसाठी होती, मुलींना प्रवेशच नव्हता. तेव्हा मुलींनो, टेप आधी तुम्ही उचला!

आता हिला परभणीची करू

अमेरिकन पोरं काय करायची, तर छप्पर कापून खाली आणायची आणि गाडी जमिनीला टेकेल इतकी बुटकी करायची. दिसायला झकास. पण आपल्याकडं? छप्पर खाली आणलं तर आजोबांचा फेटा कुठं ठेवणार? आणि बुटकी गाडी पहिल्याच गतिरोधकावर पोट घासून बसेल. कुणाचं तरी पाहून बदल करण्यात मजा नाही. आपल्या गाडीला कुठं जायचंय, काय सोसायचंय, ते आधी ठरवा. मग बदल आपोआप सुचतात.

आपल्याकडं दोन गोष्टी सोसाव्या लागतात, ऊन आणि काळी माती. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. पावसाळ्यात शेताच्या वाटेवरची काळी माती चपलेला अशी चिकटते की पाय उचलेनासा होतो. चाकाचं काय होत असेल!

आधी माती. चाकं ३ ऐवजी ३.६ सेंटिमीटरची करा. गाडी किती उचलली जाईल? सहा मिलिमीटर? नाही! आसापासून जमिनीपर्यंतचं अंतर चाकाच्या निम्मं असतं, म्हणून तीनच मिलिमीटर. खऱ्या गाडीत ते होतात ६ सेंटिमीटर, आणि चिखलात ६ सेंटिमीटर म्हणजे पुष्कळ. पण थांबा. मोठं चाक जुन्या कमानीत मावतं का? सरळ असताना मावेल, वळवलं की मडगार्डला घासेल. म्हणजे कमान कापून मोठी करा. कमान मोठी केली की ती दाराच्या कडेपर्यंत जाते. आता दार कसं उघडणार? बघा, एक चाक बदललं तर तीन गोष्टी बदलाव्या लागल्या. खऱ्या गाड्या बदलणाऱ्या मिस्त्रींची डोकेदुखी नेमकी हीच असते.

आता ऊन. छप्पर पांढरं करा, पांढऱ्या रंगावरून ऊन परततं. खालचं अंग कोणत्याही रंगाचं चालेल. फक्त चमकीचा मेटॅलिक रंग नको. त्यातले चमचमते कण आपल्या गाडीवर विसपट मोठे, म्हणजे लाह्या चिकटवल्यासारखे दिसतात. आणि दुकानात मिळतो त्या रंगात चिमूटभर पांढरा मिसळा. लांबची वस्तू थोडी फिकट दिसते ना? छोटी गाडी म्हणजे जणू लांब उभी असलेली गाडी.

यानंतर माझा सगळ्यात आवडता बदल: खिडकीचा कूलर! हसू नका. अमेरिकेच्या वाळवंटी भागात, गाड्यांना एसी सर्रास नव्हता तेव्हा, लोक खरोखरच खिडकीला एक नळकांडं अडकवायचे. गाडी धावली की वारा पुढून आत शिरायचा, आतल्या ओल्या जाळीतून जायचा आणि गार होऊन गाडीत यायचा. काही कूलरना दोरी असायची. जाळी वाळली की दोरी ओढायची, ती पुन्हा पाण्यात भिजायची. ओळखीचं वाटतंय? आपल्या घरातल्या कूलरची वाळ्याची ताटी हेच करते. माठसुद्धा हेच करतो. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं, म्हणून गारवा. पण त्याला हवा कोरडी लागते. मे महिन्यातली परभणीची हवा कोरडीठक्क असते, इथं हा कूलर चालेल. मुंबईच्या दमट हवेत तो फक्त घाम वाढवेल! म्हणजे हा खास आपल्याच भागाचा बदल झाला की नाही?

मॉडेलसाठी एक सेंटिमीटर जाडीचं, दोन सेंटिमीटर लांबीचं नळकांडं हवं. जुन्या पेनाचं टोपण कापा, झालं. आत वाळ्याची ताटी दाखवायची तर खरा वाळा वापरू नका. त्याची एक काडी विसानं गुणली तर गाडीत कडब्याच्या पेंढ्या भरल्यासारख्या दिसतील. नारळाच्या शेंडीचे तंतू सुटे करून, कात्रीनं अगदी बारीक कापून चिकटवा. सीटच्या कापडाचंही तेच. शर्टाचं साधं कापड मॉडेलमध्ये गोणपाटासारखं दिसतं, म्हणून जुन्या मऊ रुमालाचा तुकडा घ्या.

छपरावर कॅरिअर हवाच. सायकलच्या ब्रेकच्या केबलमधली तार सुटी केली की छान बारीक कांबी मिळतात. त्यावर काय ठेवायचं ते तुमच्यावर. कापसाचं गाठोडं, वळकटी, नाहीतर ज्वारीचं पोतं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीचा एक वाण काढलाय, त्याचं नावच 'परभणी मोती'. पोत्यावर बारीक अक्षरांत तेवढं लिहिलंत तर बघणारा नक्की वाकून वाचेल. नंबरप्लेटवर 'एमएच २२'. हा परभणीचा क्रमांक. पुढचे आकडे मनाचे टाका, कुणाच्या खऱ्या गाडीचे नकोत. आणि एक बारकावा: ही 'एमएच'ची पद्धत १९८९ मध्ये सुरू झाली. तुमचं मॉडेल १९७५ सालच्या गाडीचं असेल तर प्लेटचा विचार पुन्हा करा.

आणखी काय काय सुचेल! डिकीच्या जागी ट्रॉली, मागं पाण्याची टाकी, बाजूला सायकल अडकवायचा हूक. करा बिनधास्त. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं लोक म्हणतातच! फक्त प्रत्येक मोठ्या बदलानंतर ती सावलीची परीक्षा पुन्हा घ्या. जोवर आजी "अगं बाई, फियाट!" म्हणते तोवर पुढं चला. ज्या बदलानंतर ती गोंधळली, तो बदल जरा जास्त झाला. मागं फिरा. माझ्या मते चाकं, रंग, कॅरिअर, कूलर, सगळं बदललं तरी फियाट फियाटच राहते. पण छपराची रेघ आणि मागचे पंख गेले की ती गेली. तुमचं मत वेगळं असू शकेल. करून पाहा आणि भांडा.

ज्या वहीत मापं घेतली ती वही फेकू नका. तिच्यात मूळ गाडीचा आकार आहे, काहीही न बदललेला. पहिल्या पानावर गावाचं नाव, तारीख आणि मिस्त्री चाचांनी सांगितलेली माहिती नीट लिहा. मॉडेल धाकट्या भावानं पायाखाली घेतलं तरी त्या वहीतून दुसरं करता येईल. तुमच्या मैत्रिणीला डुक्कर फियाट सापडली असेल तर तिच्याकडून तिची मापं घ्या आणि तुमची तिला द्या.

शेवटचं काम, फोटो. गाडी टेबलावर ठेवून काढू नका. शेतातली काळी माती आणा, चहाच्या गाळणीतून गाळा आणि ताटात पसरा. न गाळलेली ढेकळं मॉडेलशेजारी धोंड्यांएवढी दिसतात. चिखल हवा असेल तर त्याच मातीत फेव्हिकॉल आणि थोडं पाणी कालवा आणि चाकांना, मडगार्डच्या आतल्या बाजूला लावा. फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाचनंतर, तिरक्या उन्हात काढा. मोबाइल खाली, गाडीच्या खिडकीच्या उंचीवर धरा. वरून काढलात तर ते खेळणं दिसेल.

आणि गाडीवर पावसाचे थेंब दाखवायला पाणी शिंपडू नका. बाकी सगळं आपण विसपट लहान केलं, पण पाण्याचा थेंब काही लहान होत नाही. छपरावर पडला की कलिंगडाएवढा दिसतो.